शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण...

गेल्या श्रावणात आजी न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, हाड उत्तम बसले, डॉक्टर समाधानी होते. तिसऱ्या रात्री आजी मला म्हणाली, "अण्णा, बैलं बांधलीस काय?" अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला जाऊन तीस वर्षे झाली.

काका म्हणाले, भूल जास्त झाली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, वय झालं, आता असंच चालायचं. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. दोन्ही मते मला पटली नाहीत, म्हणून थोडे वाचले.

हा प्रकार नवा नाही. बेडफर्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५५ सालीच 'लॅन्सेट'मध्ये त्याविषयी लिहिले होते. १९९८ साली त्याच नियतकालिकात साठीच्या पुढच्या १२१८ रुग्णांची पाहणी आली. हृदयाखेरीज इतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतर आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांची स्मरणशक्ती व आकलन मंदावलेले होते; तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांचे. म्हणजे बहुतेक सावरतात, पण सगळे नाही.

काकांचा राग भुलीवर. पण आजीला तर पाठीत सुई देऊन कमरेखालचा भागच बधिर केला होता! शिवाय खुब्याच्या १६०० रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात पूर्ण भूल आणि पाठीतली भूल यांत भ्रमाचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले.

मग दोष कशाचा? शस्त्रक्रिया ही शेवटी जखमच. जखमेमुळे शरीरात दाह उठतो, त्याची रसायने रक्तातून फिरतात आणि मेंदूतल्या संरक्षक पेशीही खवळतात. निरोगी शरीर हा दाह वेळेवर शमवते. पण साखर, रक्तदाब, पोटाची चरबी यांनी ज्याच्या अंगात आधीच मंद आग धुमसते आहे, त्याचे काय? पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेल्या, कमी धावू शकणाऱ्या आणि चयापचय बिघडलेल्या उंदरांवर पायाच्या हाडाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्यांची स्मरणशक्ती चपळ उंदरांपेक्षा जास्त काळ बिघडलेली राहिली. माणसांतही मधुमेहाशी असा संबंध दिसतो. साखर उतरवली की धोका टळतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

आजीला बारा वर्षे मधुमेह. तिचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ९.२ होता, तो कागद आम्ही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिला होता. पाहुणे आले की कुंदा यायचा आणि तिच्या बशीत चमचाभर जास्तच पडायचा. ते प्रेम होते, हे मी नाकारत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींवर मधुमेही निघाले; आपल्या शेजारच्या गोव्यात प्रौढांपैकी २६.४ टक्के. तेव्हा हा प्रश्न एका आजीचा नाही.

आणखी एक चूक आमचीच. हरवू नये म्हणून तिचा चष्मा आणि कानाचे यंत्र आईच्या पिशवीत होते. १९९९ साली अमेरिकेत येल येथे सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर काम झाले. ते शस्त्रक्रियेचे रुग्ण नव्हते, पण चष्मा, कानाचे यंत्र, पुरेसे पाणी, रात्रीची झोप, चालवणे आणि वार-तारीख सांगत राहणे एवढ्यानेच भ्रमाचे प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आले.

हा अंक दोन भाषांत निघतो, म्हणून मुद्दाम लिहितो. वॉर्डात आजीला प्रश्न कानडीतून विचारले गेले. एरवी ती बाजारात कानडी बोलते. त्या दिवशी मराठीतच उत्तरे देत राहिली. कागदावर नोंद झाली, 'प्रश्न समजत नाहीत.' मग एक कानडी आया रोज सकाळी तिच्या उशाशी येऊन मोडक्या मराठीत सांगू लागली, "अज्जी, आज बुधवार हाय." कोणत्याही औषधाइतकेच त्या बाईचे उपकार मी मानतो.

आठवड्याने बैल गेले, अण्णाही गेला. दूधवाल्याचा हिशेब मात्र आजी अजून दोनदा चुकते.

मोडलेला खुबा थांबू शकत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया काही आठवडे थांबू शकते, आणि तेवढ्यात साखर पाहता येते, रोज थोडे चालता येते, विसराळूपणा आधीच डॉक्टरांच्या कानावर घालता येतो. शेजारच्या मावशींची गुडघ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. परवा मी त्यांना साखरेचा आकडा विचारला. "तुला रे काय करायचंय?" म्हणाल्या. रविवारी पुन्हा विचारणार आहे.