शेतावर कोण आलं होतं?



सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, वनखात्याने जून २०२५ मध्ये एक नवी यंत्रणा आणली. शिवपुरी, गुना, विदिशा, बुऱ्हाणपूर आणि खंडवा या पाच वनविभागांत उपग्रहाची चित्रं आता कॉम्प्युटर तपासतो. जुन्या आणि नव्या चित्रात फरक दिसला, झाडं कमी झाली, शेत नवं वाटलं, की इशारा थेट कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर. याला कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय म्हणतात. बुऱ्हाणपूर-खंडवा आपल्याला लांब नाही. तिकडचे कोरकू, बारेला, भिलाला आपलेच सोयरे. आज तिकडे आलं ते उद्या इकडे येणार, असं धरून चालायला पाहिजे.

आपण यंत्राच्या विरोधात नाही. रात्री ट्रक भरून सागवान नेणारा त्यात सापडला तर आनंदच आहे. जुन्या चित्रात शेत दिसलं म्हणून मंजूर झालेले दावेही आहेत. प्रश्न एवढाच आहे, की यंत्र चुकलं तर भोगायचं कुणी?

आणि ते चुकतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. लँडसॅटची २००५ सालची चित्रं काढली, तर एक ठिपका ३० मीटरचा, जवळपास नऊ गुंठ्यांचा. त्यात झोपडी, दगडाची ताल, शेंदूर लावलेला देव काय दिसणार? खरिपाचं पीक उभं असतं तेव्हा वर ढग असतात. पीक निघाल्यावर राहतं गवत आणि झुडूप.

शिवाय कॉम्प्युटरला आधी कुणीतरी चित्रं दाखवून शिकवलेलं असतं, हे शेत, हे जंगल. सपाटीवरची, बांध आखलेली शेतं दाखवून शिकवलं, तर उतारावरचं, मोह-टेंभुर्णी राखलेलं आपलं शेत त्याला जंगलच वाटू शकतं. दोन वर्षं पड ठेवलेलं शेत परत नांगरलं, तर तेच त्याला नवं अतिक्रमण वाटू शकतं. म्हणजे झाडं राखली तरी आपण दोषी, जमिनीला विसावा दिला तरी दोषी.

‘उपग्रह चित्रात शेती दिसून येत नाही, सबब दावा अमान्य’ हे वाक्य आपल्याला नवीन नाही. फेटाळलेल्या दाव्याचं पुढे काय होऊ शकतं तेही आपण पाहिलं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता. देशभर आवाज उठला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. एका कागदावरच्या एका ओळीत घरं जातात.

कायदा मात्र स्पष्ट आहे. वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. नियम १२-अ, पोटनियम ११ सांगतो, की उपग्रह चित्र आणि इतर तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. गुजरात हायकोर्टानेही २०१३ मध्ये सांगितलं, की फक्त उपग्रह चित्रावरून दावे फेटाळता येणार नाहीत. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. घर, बांध, ताल हाही पुरावा आहे. हा कायदा एआयलाही लागू आहे. यंत्राने साक्ष द्यावी. पडताळणी ग्रामसभेनेच करायची, आणि निर्णयाखाली सही माणसाचीच पाहिजे, म्हणजे जाब विचारता येतो.

म्हणून प्रत्येक पाड्याने एवढं करावं.

एक, इशारा आला म्हणून कुणी शेतावर आलं, तर वनहक्क समितीला बोलवा. समितीसमोर जागेवरच पंचनामा करा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका.

दोन, चित्र दाखवलं तर लेखी मागा: चित्र कोणत्या तारखेचं, कोणत्या उपग्रहाचं, ठिपका किती मीटरचा, आणि शेतावर येऊन कुणी पाहिलं.

तीन, दावा फेटाळला तर कारणं लेखी मागा. ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही.

चार, म्हाताऱ्या माणसांचे जबाब आताच लिहून घ्या. ती माणसं गेली की तो पुरावाही गेला.

सरकारला आमचं सांगणं आहे, की यंत्र जरूर आणा, पण आधी ग्रामसभेला विचारा, ते कसं ठरवतं ते आमच्या भाषेत सांगा, आणि चुकलं तर जबाबदार कोण त्याचं नाव लिहून द्या. आकाशातून जमीन दिसते. ती कुणी खेडली, ते गावालाच माहीत असतं.

जिंदाबाद!