चाकांवरच्या घराला हवे थांबण्याचे गाव

नागपूर आणि गोवा यांना जोडणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा गोव्यात प्रामुख्याने एकाच दिशेने होते. विदर्भ-मराठवाड्यातून किती पर्यटक येतील, किती वाहने येतील आणि पत्रादेवीच्या नाक्यावर किती कोंडी होईल, एवढाच तिचा आवाका असतो. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा आणि महाराष्ट्रातील १२ जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता २०२५ मध्ये आखलेला होता. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने त्याला मान्यता देऊन भूसंपादनासह प्राथमिक कामांसाठी २०,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची तरतूद केली. कोल्हापूरसह अनेक भागांतील शेतकऱ्यांचा विरोध अजून शमलेला नाही. महामार्ग होईल तेव्हा होईल. परंतु रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो, याचे भान मात्र आजच ठेवायला हवे. गोव्यातून बाहेर पडणारी कुटुंबेही याच वाटेने जाणार आहेत. त्यांतील काहींच्या मनात गेल्या काही वर्षांत एक नवी इच्छा घर करू लागली आहे. ती म्हणजे स्वतःच्या मालकीची कॅराव्हॅन घेऊन सुटीला निघण्याची.

या इच्छेची कसोटी पाहायची, तर मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याइतके चांगले ठिकाण नाही. पणजीहून बालाघाट सुमारे १,१०० किलोमीटर. वाटेत तुळजापूर लागते. ते ज्या डोंगररांगेवर वसले आहे, तिचेही नाव बालाघाटच. एका बालाघाटातून दुसऱ्या बालाघाटाकडे नेणारी ही वाट मराठी माणसाला परकी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. गोंदियाहून निघून बाघ नदी ओलांडली की राज्य बदलते, पण बाजारातली मराठी लगेच मागे पडत नाही. पुढे बैहरच्या पठारावर चढले की कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे मुक्की प्रवेशद्वार येते. वाघ, बाराशिंगा, साल वृक्षांचे अरण्य आणि बंजर नदी, असे सारे काही कुटुंबाला एका सुटीत दाखवणारे हे ठिकाण आहे. आजी-आजोबांना वाटेत झोपता यावे, लहान मुलांचे जेवण घरच्यासारखे व्हावे आणि स्वच्छतागृहासाठी ढाब्याढाब्यावर थांबावे लागू नये, यासाठी चाकांवरचे घर हा आदर्श उपाय वाटतो. तो तसा आहे का, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची चौकट

कॅराव्हॅन घेण्याचे स्वप्न बहुधा एखाद्या जुन्या मिनीबसपासून किंवा प्रवासी व्हॅनपासून सुरू होते. वाहन घ्यायचे, आसने काढायची, पलंग, ओटा, पाण्याच्या टाक्या आणि शौचालय बसवायचे, की घर तयार, असा समज रूढ आहे. कायदा इतका सैल नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मनाप्रमाणे करता येत नाही. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेला बाधा आणणारे फेरफार मान्य होणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यामुळे कोणत्याही कारागिराने हौसेने बनवून दिलेले घर आणि नोंदणी मिळू शकणारे घर यांत मोठा फरक पडतो. न कळवलेल्या बदलांमुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

दुसरा भेद वापराचा आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते. भाड्याने दिली जाणारी परिवहन वाहनांत. म्हणजे वर्षातून दोनदा स्वतः वापरायची आणि उरलेले दिवस ओळखीच्यांना पैसे घेऊन द्यायची, हा घरोघरी मांडला जाणारा हिशेब कायद्याच्या चौकटीत बसत नाही. चालकाच्या परवान्याबाबत मात्र दिलासा आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची परिवहन वाहनेही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतील, असा निर्वाळा घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. बहुतेक कौटुंबिक कॅराव्हॅन या मर्यादेत बसतात. परंतु परवाना असणे आणि बैहरच्या घाटात उंच, जड, पाण्याने भरलेले वाहन सांभाळता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्रीचा भाव

मालकीचा मोह समजण्यासारखा आहे. पण त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. वाहन आणि आतील बांधणी मिळून ३० लाख रुपये लागले, असे समजू. १० वर्षांनी ते १० लाखांना विकले गेले, तर घसारा वर्षाला २ लाख रुपये होतो. तीच रक्कम बँकेत ७ टक्क्यांनी ठेवली असती, तर वर्षाचे २ लाख १० हजार रुपये व्याज मिळाले असते. विमा, देखभाल, बॅटऱ्या, टायर आणि उभे करण्याची जागा यांसाठी ९० हजार धरले, की वर्षाचा खर्च ५ लाखांवर जातो. नोकरदार कुटुंबाला वर्षाकाठी २५ रात्री जरी मिळाल्या, तरी एका रात्रीचा भाव २० हजार रुपये पडतो. डिझेल त्याहून निराळे. बालाघाटला जाऊन-येऊन २,२०० किलोमीटर, लिटरला ९ किलोमीटर आणि ९० रुपये दर धरला, तर सुमारे २२ हजार रुपये. याउलट चांगल्या लॉजमधील दोन खोल्यांना रात्रीचे ८ हजार लागतात असे मानले, तर मालकी परवडण्यासाठी दर वर्षी ६० हून अधिक रात्री रस्त्यावर काढाव्या लागतील. निवृत्त दांपत्याला ते साधेल. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाला नाही.

गोव्याच्या हवामानाचीही भर पडते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि समुद्राची खारी हवा यांत वर्षाचे अकरा महिने उभे राहणारे वाहन गंजते, गाद्यांना बुरशी धरते. गावातील अरुंद रस्त्यांवर आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारात एवढे मोठे वाहन कुठे ठेवायचे, हा प्रश्न शेजाऱ्यांशी कायमचे वाकडे आणू शकतो. कॅलेंडरही सोयीचे नाही. कान्हा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. मे महिन्याच्या सुटीत बालाघाटचा पारा चाळिशी ओलांडतो आणि वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवायला बाहेरून वीजजोडणी लागते. उरतात दिवाळी आणि नाताळ. त्याच दिवसांत सफारीचे आरक्षण मिळणे सर्वांत कठीण असते. शिवाय रोज ४०० किलोमीटर कापायचे म्हटले, तर दहा दिवसांच्या रजेतील पाच ते सहा दिवस रस्त्यावरच जातात. प्रवास हीच सुटी, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांच्यासाठीच हे वाहन आहे.

मुक्कीच्या दाराशी

एवढे करून कुटुंब मुक्कीला पोहोचले, तर खरी अडचण तिथे उभी राहते. कॅराव्हॅन अरण्यात जात नाही. सफारी नोंदणीकृत जिप्सीतून आणि वनखात्याच्या मार्गदर्शकासह करावी लागते; स्वतःचे घर दाराबाहेरच ठेवावे लागते. मग ते रात्रभर उभे कुठे करायचे? व्याघ्र प्रकल्पाच्या परिघात रस्त्याच्या कडेला मुक्काम ठोकणे वन्यप्राण्यांच्या आणि माणसांच्याही दृष्टीने अयोग्य आहे. हा जिल्हा दीर्घकाळ नक्षलप्रभावित होता. अनोळखी वाहन रात्री अंधारात उभे दिसले, तर पोलिसांनी चौकशी करणे स्वाभाविक ठरते. अखेर एखाद्या लॉजच्या आवारात पैसे देऊन जागा मिळवावी लागते. खोलीचा खर्च टाळण्यासाठी घेतलेले घर पुन्हा खोलीवाल्याच्याच दाराशी उभे राहते.

मध्य प्रदेशच्या पर्यटन महामंडळाने देशात अगदी आरंभीच्या काळात कॅराव्हॅन भाड्याने देण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळने त्याच वर्षी धोरण जाहीर करून २०२२ मध्ये वागमोण येथे पहिले कॅराव्हॅन उद्यान उभे केले. या प्रयत्नांतून एकच धडा निघतो. वाहने मिळतात, हौसही असते. तुटवडा असतो तो पाणी, वीज, मैला रिकामा करण्याची सोय आणि सुरक्षित रात्र देणाऱ्या जागांचा. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनधारकांची संघटना १९०७ मध्ये स्थापन झाली आणि १९६० मध्ये कॅराव्हॅन तळांसाठी परवाने अनिवार्य करणारा कायदा झाला. त्या कायद्याचे लक्ष चाकांवर नव्हते, चाकाखालच्या जमिनीवर होते. तिथे कित्येक कुटुंबांची कॅराव्हॅन आयुष्यभर एकाच तळावर उभी असते. ती फिरते म्हणून नव्हे, तिला ठरलेली जागा आहे म्हणून टिकते.

आपल्याकडेही फिरत्या घरांची परंपरा नवी नाही. मीठ आणि धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे किनारा, दख्खन आणि मध्य भारत यांच्यात शतकानुशतके ये-जा करत होते. पाणी, चारा आणि आसपासच्या गावाची संमती असल्याशिवाय तांडा उतरत नसे. थांबा आधी आणि प्रवास नंतर, हा त्यांचा व्यवहार होता. आजच्या कॅराव्हॅनने नेमकी तीच पायरी गाळली आहे.

गोव्याचा आरसा

या प्रश्नाची दुसरी बाजू गोव्याला अधिक बोचणारी आहे. बाहेरून आलेल्या बसगाड्या किनाऱ्यालगत थांबतात, रस्त्याच्या कडेला सिलिंडर पेटतात, उष्टे आणि बाटल्या मागे राहतात, हे दृश्य गोव्याने वर्षानुवर्षे सोसले. त्यातूनच २००१ च्या पर्यटन स्थळे संरक्षण कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला २ हजार आणि गटाला १० हजार रुपये दंड आला. २०२५ मध्ये दंडाची कमाल मर्यादा १ लाखापर्यंत नेण्यात आली. या नियमामागील गोमंतकीयांची तक्रार साधी आहे. आपले अन्न आणि आपले अंथरूण घेऊन येणारा पाहुणा गावात पैसा ठेवत नाही, फक्त कचरा ठेवतो.

आता तीच तक्रार मुक्कीच्या बाजूने ऐकून पाहावी. तिथे परिसरातील गोंड आणि बैगा वस्त्यांसाठी जंगलाशी असलेला जुना संबंध व्याघ्र संरक्षणामुळे पूर्णपणे बदलला. कान्ह्याच्या गाभा क्षेत्रातून अनेक गावे उठवली गेली. त्या बदल्यात पर्यटनातून जे काही हाती येते, ते मार्गदर्शकाच्या मानधनातून, जिप्सीच्या भाड्यातून, लॉजमधील नोकरीतून आणि घरगुती निवासातून येते. स्वतःचा ओटा आणि पलंग घेऊन आलेले गोमंतकीय कुटुंब त्यातील निम्मे दुवे तोडते. ते कितीही सुसंस्कृत असो, टाकीतील सांडपाणी कुठेतरी सोडावेच लागते. जागा ठरलेली नसेल, तर ते नाल्यात जाते आणि नाला बंजर नदीला मिळतो. गोव्यात जे आपल्याला खटकते, ते बालाघाटात आपल्याच हातून घडू शकते. तेव्हा केवळ वाहन महागडे आणि आतून देखणे आहे, एवढ्यावर आपण स्वतःला वेगळे मानू शकत नाही.

यातून कॅराव्हॅन नकोच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा चाकाच्या खुर्चीवरील मुलाला सोबत नेता येणारा दुसरा सोयीचा प्रवास आज फारसा उपलब्ध नाही. अशा कुटुंबांसाठी मालकीपेक्षा भाड्याची, योग्य नोंदणीची कॅराव्हॅन शहाणपणाची ठरते. मालकीच घ्यायची, तर चार नातेवाईक कुटुंबांनी मिळून घेतलेले वाहन वर्षाला १०० रात्री वापरले गेल्यास, वरच्याच हिशेबाने, रात्रीचा भाव २० हजारांवरून ५ हजारांच्या आसपास येतो. बालाघाटला पोहोचल्यावर जेवण गावातील खाणावळीत घेणे आणि जागेचे भाडे आनंदाने मोजणे, हे त्या खर्चातच धरायला हवे.

शासनाच्या वाट्याला येणारे काम याहून स्पष्ट आहे. पत्रादेवी, मोले आणि पोळे ही गोव्याची तीन प्रमुख प्रवेशद्वारे आहेत. तिथे स्थानिक पंचायतीच्या संमतीने मर्यादित क्षमतेचे थांबे उभारावेत. त्यांत पाणी, वीज आणि मैला रिकामा करण्याची सोय असावी आणि शुल्काचा वाटा पंचायतीला मिळावा. असे केल्यास किनाऱ्यावर दंड आकारण्याची वेळ कमी येईल. बंदी आणि दंड ही धोरणाची एक बाजू झाली. कुठे थांबावे हे सांगणे ही दुसरी.  महामार्ग पत्रादेवीला येऊन टेकण्यापूर्वी ती तयार झाली, तर बालाघाटहून गोव्यात आलेल्या पाहुण्याला रस्त्याच्या कडेला चूल मांडावी लागणार नाही. आणि मुक्कीला गेलेल्या गोमंतकीयाला आपल्या टाकीतील पाणी कुठे सोडायचे, हे तिथल्या गावकऱ्याला विचारताना खाली मान घालावी लागणार नाही.