वय विचारू नका, सोलेरा विचारा!

ब्रँडी म्हटलं की आपल्याकडे सर्दी आठवते आणि गरम पाण्यातले दोन चमचे. त्यामुळे फ्रायडे नाइटला कुणी ब्रँडी मागवली की ‘काय रे, बरं नाही का?’ हा प्रश्न ठरलेलाच. स्पेनच्या दक्षिणेला हेरेसमध्ये (स्पेलिंग ‘जे’नं, उच्चार ‘हे’नं!) मात्र ब्रँडी म्हणजे जेवणानंतर निवांत बसून प्यायची चीज. शेरी वाइनचं हे गाव. ‘शेरी’ हे नावही हेरेसवरूनच आलंय.

आता मुद्द्याचं बोलू. ही बाटली घेताना आपण फसतो ते आकड्यांना. लेबलवर एखादं जुनं साल दिसतं, आत गडद तपकिरी रंग, की झालं! ‘सव्वाशे वर्षं जुनी’ म्हणून आपण खूश. पण ते साल बहुतेक वेळा कंपनीचं किंवा ब्रँडचं असतं. ‘फुन्दादोर’ हा ब्रँड १८७४ चा, म्हणून बाटलीतला थेंब १८७४ चा नव्हे. रंगाचंही तसंच. रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

मग वय कळणार कसं? त्यासाठी ती बनते कशी, ते बघू. ला मांचाच्या पठारावरची आयरेन जातीची पांढरी द्राक्षं, त्यांची वाइन आणि त्या वाइनचा अर्क. कमी तीव्रतेच्या अर्काला तिकडे ‘ओलान्दास’ म्हणतात, कारण एकेकाळी त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं हॉलंड. हा अर्क मुरतो तो आधी शेरी मुरलेल्या ओकच्या पिंपांत.

ही पिंपं थरांत रचलेली असतात. जमिनीलगतचा सगळ्यात जुना थर म्हणजे ‘सोलेरा’. बाटलीत जाते ती इथली ब्रँडी, तीही थोडीच. जेवढी काढली तेवढी वरच्या थरातून भरायची, तिथली जागा त्याच्या वरच्या थरातून, आणि कोरा अर्क सगळ्यात वर. कुठलंही पिंप कधी पूर्ण रिकामं करायचं नाही. थोडक्यात, आपल्या विरजणाचाच हिशेब! कालचं थोडं दही आजच्या दुधात. म्हणूनच इथे एक ठरावीक वय नसतंच, असते ती सरासरी.

ही सरासरी लेबलवरच्या शब्दांत लपलेली असते. नुसतं ‘सोलेरा’ म्हणजे किमान ६ महिने, ‘सोलेरा रेसेर्वा’ म्हणजे किमान १ वर्ष आणि ‘सोलेरा ग्रान रेसेर्वा’ म्हणजे किमान ३ वर्षं. चांगली घराणी याहून बरीच जास्त मुरवतात. पैसे मोजण्याआधी हे शब्द वाचा, साल नंतर.

चाखायची कशी? पोट फुगीर, तोंड निमुळतं असा छोटा ग्लास घ्या. तळाशी थोडीशीच ओता. बर्फ नको, आणि सिनेमात दाखवतात तसं मेणबत्तीवर गरम करणं तर अजिबात नको. त्यानं अल्कोहोल नाकात जातं आणि बाकीचे वास दबतात. तळहाताची ऊब पुरे. आधी लांबूनच हुंगा: मनुका, अक्रोड, व्हॅनिला. मग अगदी छोटा घोट, जिभेवर घोळवून. ओलोरोसो शेरीच्या पिंपातली असेल तर सुक्यामेव्याचा खमंगपणा येतो, सोबत भाजलेले बदाम घ्या. पेद्रो खिमेनेसच्या पिंपातली गोडसर लागते, तिला डार्क चॉकलेट झकास.

आणि बजेट ‘सोलेरा’पुरतंच असेल तर? खुशाल घ्या. स्पेनमध्ये कडक कॉफीत ब्रँडी घालून ‘काराखियो’ पितात, त्यासाठी ती एकदम फिट. ग्रान रेसेर्वा कॉफीत ओतलीत, तर मात्र इतकी वर्षं मुरवणाऱ्याचा जीव हळहळेल.

तेव्हा पुढच्या वेळी मित्रानं बाटली नाचवत ‘सव्वाशे वर्षं जुनी आहे यार’ म्हटलं, की शांतपणे लेबल फिरवा आणि विचारा, ‘सोलेरा कुठली?’ आणि हो, घरी जायला टॅक्सीच!