मूत्रपिंड दुबळे असेल तर आधी विचारा, मग पाळणा हलवा

चिंचणी-वाणगावकडचा बागायतदार मिरचीचे रोप लावण्याआधी जमीन, पाणी, खत पाहून घेतो. घरातल्या लेकीला किंवा सुनेला मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा आजार असेल, तर बाळंतपणाची तयारीही तशीच आधी करावी लागते.

भगिनींनो, या आजारात मूल होतच नाही असे समजू नका. अमेरिकेत ईडिथ हेल्म या बाईंना १९५६ साली जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड बसवले आणि १९५८ साली त्यांना मुलगा झाला. पण गरोदरपणात मूत्रपिंडांचे काम सुमारे दीडपट वाढते. दुबळ्या मूत्रपिंडाला तो भार झेपला नाही, तर रक्तदाब चढतो, बाळ कमी वजनाचे किंवा लवकर जन्मते. आजार फार पुढे गेलेला असेल, तर आईचे मूत्रपिंड कायमचे आणखी खालावू शकते.

म्हणून दिवस राहण्याआधीच रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन तपासून घ्या. डॉक्टर होकार देईपर्यंत तांबी किंवा निरोध वापरा. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यांनी रक्तदाब वाढू शकतो.

रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्या गर्भाला घातक आहेत. त्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर दुसरी गोळी बदलून देतात. पाळी चुकली की त्याच आठवड्यात दाखवा. अंगदुखीची गोळी किंवा झाडपाल्याचा काढा परस्पर नको. सुकट, सुके बोंबील, लोणचे, पापड यांत मीठ फार. हात आखडता ठेवा. डाळ-दूध मात्र आपल्या मनाने तोडू नका.

सासूबाई, पायाला सूज आली की "पोटुशीला यायचीच" म्हणून सोडून देऊ नका. तोंडावर-हातावर सूज, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, लघवी कमी होणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा अंगावरून रक्त जाणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. तिथे जुना आजार पहिल्यांदाच सांगा. या आजारात मात्र महिन्यातून एकदा पुरत नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हा जा. एरवी ठीक वाटणारे क्रिएटिनीन गरोदरपणात जास्त ठरू शकते, म्हणून कागद जाणत्या डॉक्टरांनाच दाखवा.

बाळंतपण कुठे करायचे ते सातव्या महिन्याच्या आत ठरवा. जिथे शस्त्रक्रिया, रक्त आणि नवजात बाळाची सोय आहे, असेच रुग्णालय निवडा. मुंबईला जायचे सांगितले असेल, तर ऐनवेळी वाणगावची गाडी पकडू असे म्हणू नका; नातलगाकडे राहण्याची सोय आधीच करा. पहिली खेप माहेरी, हा रिवाज चांगला, पण माहेर आडवाटेला असेल तर माहेरपण बाळंतपणानंतर करा.

आणि एक. लग्नात मोडता नको म्हणून लेकीचा आजार झाकू नका. झाकलेल्या आजाराची गोळी चोरून घ्यावी लागते, तपासणी चुकते, आणि त्याची किंमत लेक नि नातवंड दोघे मोजतात. तिचे सगळे कागद एका पिशवीत घाला. ती पिशवी सासर-माहेर, जिथे ती जाईल तिथे तिच्याबरोबर जाऊ द्या.