ओसीडी म्हणजे टापटीप? पडद्यावर काय दिसतं आणि काय सुटतं

'कपाट रंगानुसार लावते मी, मला ना ओसीडी आहे!' हे वाक्य तुम्ही रील्समध्ये नाहीतर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं असेलच. ओसीडीचं हे चित्र आपल्या डोक्यात बसवण्यात सिनेमा-मालिकांचा मोठा हात आहे.

ओसीडी नेमकं काय?

मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो आणि त्याची भीती घालवायला माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा करतो. कृती केली की घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच ती सुटत नाही. कोडिंग केलेल्यांना सांगायचं तर, हा लूप आहे. बाहेर पडायची अट लिहायची राहून गेलेला. कुलूप लागलेलं डोळ्यांना दिसतं, तरी खात्री पटत नाही. रोजचा तासाहून जास्त वेळ यात जात असेल किंवा काम, नाती अडत असतील, तर तो आजार.

पडदा काय दाखवतो?

'अ‍ॅज गुड अ‍ॅज इट गेट्स'मधला (१९९७) लेखक फरशीच्या फटींवर पाय देत नाही, हॉटेलात स्वतःचे प्लास्टिकचे काटे-चमचे नेतो. जॅक निकल्सनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पण हा माणूस तुसडा आहे आणि प्रेमात पडल्यावर सुधारतो. प्रेम हे औषध, हा फॉर्म्युला तेव्हापासून चालतोय. 'मंक' (२००२ ते २००९) मालिकेत तर आजारच डिटेक्टिव्हची सुपरपॉवर होतो. तेलुगू 'महानुभावुडु'मध्ये (२०१७) नायकाचा स्वच्छतेचा अतिरेक हा विनोदाचा कच्चा माल आहे. हसू येतं, नाकारत नाही.

'द एव्हिएटर'मधला (२००४) एक प्रसंग मात्र या सगळ्यांवर भारी आहे. हात रक्त येईपर्यंत धुतलेला हॉवर्ड ह्यूज स्वच्छतागृहाच्या दाराची मूठ धरू शकत नाही. विमानं बांधणारा अब्जाधीश दुसरं कुणी दार उघडेल म्हणून ताटकळत उभा राहतो. या भूमिकेसाठी लिओनार्डो डिकॅप्रिओने ओसीडीवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली होती.

मग सुटतं काय?

डोक्यातलं. हात धुणं कॅमेऱ्यात दिसतं, विचार दिसत नाही. कुणाला देवासमोर घाणेरडे विचार येतात, कुणाला आपल्याच बाळाला इजा करू अशी भीती वाटते. तसं करायची इच्छा नसते, उलट त्या विचाराचीच शिसारी असते. लाजेपोटी ही माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. ब्रिटिश मालिका 'प्युअर' (२०१९) थेट याच विषयावर होती. एका सीझननंतर ती बंद झाली. 'टर्टल्स ऑल द वे डाउन'मध्ये (२०२४) मुलीच्या मनातला गोंधळ आवाजातून ऐकू येतो. मूळ कादंबरीचे लेखक जॉन ग्रीन यांना स्वतःला ओसीडी आहे.

उपचार आहेत का?

आहेत. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि ती कृती मात्र करायची नाही, असा सराव तज्ज्ञ करून घेतात. गरजेनुसार औषधंही देतात. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर (१४४१६) चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.