राखणदाराच्या बंदुकीला कागद द्या

प्रति,
मा. केंद्रीय गृहसचिव, नवी दिल्ली
मा. मुख्य वन्यजीव प्रतिपालक, राजस्थान

मी जयपूरच्या जगतपुऱ्यात राहणारा मराठी नागरिक. इथल्या नेमबाजी संकुलात अवनी लेखराने सराव केला आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. 2020 मध्ये आपण नेमबाजांसाठी नियम सैल केले आणि नामवंतांना 12 पर्यंत शस्त्रे बाळगू दिली. योग्यच केले. पण याच राज्यात, अलवरकडे, शिकारीवर पिढ्या जगवलेले बावरिया समाजाचे लोक शेतकऱ्यांची पिके राखतात. त्यांच्यापैकी कुणाकडे बिनपरवाना ठासणीची बंदूक सापडली, तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार त्याला किमान 2 वर्षे कैद आहे.

या समाजाला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याच्या यादीत टाकले. 1952 मध्ये तो कायदा गेला, पोलिसांचा संशय मात्र राहिला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते व्हायलाच हवे होते. मग उरली ती राखण. नीलगाई आणि रानडुकरे उभे पीक एका रात्रीत लोळवतात, तेव्हा शेतकऱ्याला हाच माणूस आठवतो.

पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक लागत असेल तर परवाना द्यावा, असे 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 स्वतःच सांगते. पण शेत मालकाचे, आणि राखणदार भूमिहीन. तो कोणता उतारा जोडणार? त्यातून वस्ती अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम 34 प्रमाणे मुख्य वन्यजीव प्रतिपालकांची पूर्वसंमतीही लागते.

अलवरकडचे सरिस्का अभयारण्य मी विसरलेलो नाही. 2005 पर्यंत तिथला शेवटचा वाघ संपला, आणि वाघांच्या चोरट्या शिकारीत पकडलेल्यांत या समाजाची माणसेही होती. त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण चोरटे शिकारी वाघासाठी बहुधा लोखंडी सापळे लावतात. राखणदाराच्या आवाजी बंदुकीवर सगळ्या जमातीचा संशय काढणे हा न्याय नव्हे.

समाजाकडे पाहून सवलत द्यायची नाही, असेही आपले धोरण नाही. कर्नाटकातील कोडगूच्या कोडवा समाजाला इंग्रजी अमदानीपासून परवान्याची माफी आहे, आणि आपणच ती 2029 पर्यंत वाढवली. बावरियांसाठी मी माफी मागत नाही. मागतो तो परवाना, नोंद असलेला आणि तपासता येणारा.

शेतमालकाच्या पीकरक्षण परवान्यावर राखणदाराचे नाव सहज लावता येऊ द्या. भूमिहीनाकडे जमिनीच्या उताऱ्याऐवजी ग्रामपंचायतीचा दाखला ग्राह्य धरा. कलम 34 खालील अर्जांना ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्या, नकार असेल तर कारणासह. दारू आणि छऱ्यांचा हिशेब वनरक्षकाने दरमहा तपासावा. त्याला कोणाची हरकत नसावी.

पुढच्या रब्बीची राखण सुरू होण्याआधी हा आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
जगतपुऱ्यातील एक रहिवासी