वृत्तसेवनाची मात्रा

रुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना आपण क्षुधा, निद्रा, मलप्रवृत्ती, व्यसन, व्यवसाय यांविषयी आवर्जून विचारतो. दिवसभरात तो किती बातम्या पाहतो व ऐकतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. अनिद्रा, अम्लपित्त, हृद्द्रव, औषध नियमित चालू असूनही अधूनमधून वर जाणारा रक्तदाब अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांना गेली काही वर्षे आम्ही हा प्रश्न विचारू लागलो आहोत. सकाळी डोळे उघडताच हाती भ्रमणध्वनी, रात्री जेवणाचे ताट समोर असताना दूरचित्रवाणीवरील वादसभा आणि अंथरुणावर पडल्यावर पुन्हा भ्रमणध्वनी, असा क्रम बहुतेक जण सांगतात. "बातम्या काय, सगळेच बघतात," हे वाक्यही त्यास जोडलेले असते.

आपल्या शास्त्राला हा विषय नवा नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात रोगाची जी तीन कारणे सांगितली, त्यांतील पहिले असात्म्येंद्रियार्थसंयोग. तेथे नेत्रांच्या मिथ्यायोगात अतिसमीपचे, भयंकर, बीभत्स व विकृत असे पाहणे येते, आणि कानांच्या मिथ्यायोगात कठोर शब्द, भीतिदायक शब्द व प्रियजनांच्या नाशाची वार्ता ऐकणे येते. आजच्या वृत्तवाहिनीचे वर्णन करावयास यांहून वेगळे शब्द शोधावे लागू नयेत. विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात तर मात्रेने घेतलेले पथ्यकर अन्नदेखील चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे पचत नाही, असा स्पष्ट निर्वाळा आहे. जेवताना तन्मन होऊन जेवावे, हा आहारविधी आपण रुग्णाला सांगतो. परंतु त्याच्या जेवणघरात त्या वेळी कोण बोलत असते, याची चौकशी करीत नाही.

दिनांक ८ मे २०२० ची घटना आपल्या भागात कोणी विसरले नसेल. टाळेबंदीत काम बंद पडल्याने जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर रेल्वेमार्गाने पायी गावाकडे निघाले होते. बदनापूर ते करमाड यांच्या दरम्यान ते थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण मृत्यू पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांची छायाचित्रे त्यानंतर दिवसभर, आणि पुढे कित्येक दिवस, देशभर फिरत राहिली. त्या आठवड्यात आम्हांस दूरध्वनीवरून जे रुग्ण बोलले, त्यांत एक वृद्ध गृहिणी होत्या. त्यांच्या घरी कोणी आजारी नव्हते, घटनास्थळाशी त्यांचा संबंध नव्हता. परंतु ताटातील भाकरीचा तुकडा मोडवत नाही, घास घशाखाली उतरत नाही, पोट बिघडले आहे, असे त्या सांगत होत्या. ग्रंथात भयज व शोकज अतिसार वाचलेला असतोच. त्यावर वातहर उपचारांबरोबरच हर्षण व आश्वासन सांगितले आहे, हेही पाठ असते. तथापि त्या गृहिणींच्या बाबतीत आश्वासनापूर्वी एक गोष्ट करावी लागली. ते छायाचित्र दिवसातून दहा-वीस वेळा समोर येत होते, ते थांबवावे लागले. निदानपरिवर्जन म्हणतात ते हेच.

त्याच दिवसांत आमच्या परिचयातील काही तरुण जालना रस्त्याने पायी जाणाऱ्यांस पाणी व जेवण देत उभे राहत. दुःख त्यांनी अधिक जवळून पाहिले. तरीही रात्री त्यांना झोप लागे. घरात बसून तेच दुःख पाहणाऱ्यांना ती लागत नसे. हे केवळ आमचे निरीक्षण आहे, त्यास सिद्धांत म्हणू नये. परंतु त्याच्याशी जुळणारी एक गोष्ट परदेशातील अभ्यासातही आढळते. अमेरिकेत बोस्टन येथील मॅरेथॉनच्या वेळी २०१३ साली बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या दिवसांत रोज सहा वा अधिक तास त्याचे वृत्त पाहणाऱ्या लोकांत तीव्र तणावाची लक्षणे, प्रत्यक्ष स्फोटाच्या स्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. होल्मन, गार्फिन व सिल्व्हर यांचा हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यास पाहून काही करता येते, त्याचे दुःख कृतीत जिरते. ज्यास केवळ पाहता येते, त्याचे दुःख आमासारखे साचते, असे आम्हांस वाटते.

म्हणून बातम्या सोडाव्यात काय? अनेक वैद्यबंधू रुग्णास तसा सरसकट सल्ला देतात. तो आम्हांस मान्य नाही. मराठवाड्यातील माणसाला बातमीवाचून राहता येत नाही. नाथसागर किती टक्के भरला, हे श्रावणात येथे घरोघरी विचारले जाते, कारण आपल्या नळाचे पाणी तेथूनच येते. गारपीट, पीकविमा, बाजारभाव या बातम्यांवर शेतकऱ्याचा निर्णय अवलंबून असतो. जुन्या पिढीने आकाशवाणीचे सकाळचे बातमीपत्र व एक दैनिक यांवर जगाची पुरेशी माहिती ठेवली. त्यांचे वृत्तसेवन कालाने बांधलेले होते. बातमीपत्र संपे आणि माणूस उठून कामास लागे. मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या २००७ पासून आल्या, पुढे भ्रमणध्वनीने उरलासुरला अवकाशही भरून काढला, आणि बातमी संपण्याची वेळच नाहीशी झाली. पूर्वीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे यास अध्यशन म्हणतात. कोविडच्या साथीत मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बातम्या दिवसातून एक-दोनदा, ठरावीक वेळी पाहाव्यात असे सुचविले होते. काल व मात्रा यांचे बंधन तिनेही सुचविले होते.

येथे आपल्या व्यवसायाकडेही पाहिले पाहिजे. २०२० साली गुळवेल, सुंठ, दालचिनी यांना जी मागणी आली, ती प्रकृती पाहून आली नव्हती. बातमी पाहून आली होती. पित्तप्रकृतीचे लोक वैशाखात दिवसातून चार वेळा तिखट काढा घेत होते व मुखपाक घेऊन आपल्याकडे येत होते. पुढे जुलै २०२१ मध्ये गुळवेलीमुळे यकृतास इजा झाल्याचा मुंबईतील डॉक्टरांचा सहा रुग्णांवरील लेख गाजला, आयुष मंत्रालयाने त्यास दिशाभूल करणारा म्हटले, आणि तेच लोक गुळवेलीच्या नावाने दचकू लागले. दोन्ही वेळा वैद्याचे स्थान बातमीने घेतले. औषधविक्रेत्यांना हे कदाचित रुचणार नाही. परंतु वृत्तपत्रातील कात्रण दुकानाच्या दर्शनी काचेवर लावून माल विकला, तर उद्याच्या उलट बातमीनंतर तोच माल परत घेण्याची तयारी ठेवावी लागते. साथीच्या काळात आलेल्या प्रत्येक ग्राहकास घरी आधीपासून काय चालू आहे, एवढे विचारणारे दुकानदारही या शहरात होते, हे नमूद केले पाहिजे.

आम्ही आमच्या चिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षातील दूरचित्रवाणी संच काढून टाकला. पहिले काही दिवस रुग्णांनी, विशेषतः रुग्णांबरोबर येणाऱ्यांनी, कुरकुर केली. नाडी पाहण्यापूर्वी रुग्णास थोडा वेळ शांत बसवावे, हे सर्वांना मान्य आहे. त्या अवधीत त्याच्यासमोर आरडाओरडा चालू ठेवणे मात्र बऱ्याच ठिकाणी चालते. रुग्णपत्रिकेत निद्रेच्या रकान्याखाली आम्ही एक ओळ वाढविली आहे : बातम्या केव्हा, किती वेळ, कशावर. अनिद्रेच्या रुग्णास सूर्यास्तानंतर बातम्या वर्ज्य करून त्या जागी पादाभ्यंग सांगतो. तीन आठवड्यांनी येऊन तो काय सांगतो, ते त्याच ओळीपुढे लिहून ठेवतो. अशा नोंदी इतर सदस्यांनीही ठेवल्या, तर वर्षभराने त्या एकत्र मांडता येतील.